सुगीतली सायकल

रस्त्याच्या दोन्ही बाजूंची खाचरं पिवळी पडली, सकाळी त्यांच्यावर धुकं पसरलेलं दिसायला लागलं, की आमच्याकडे लोकांना नव्या तांदळाच्या भाताची आठवण येते. मला माझ्या कानांची येते. त्या एका सुगीत ते जेवढे तापले तेवढे आधी कधी तापले नव्हते. आता वर्षं उलटली. तरी कापलेल्या भाताचा तो ओलसर, किंचित गोड वास नाकात शिरला की आधी कानाच्या पाळ्या गरम होतात आणि बाकीचं सगळं मागून आठवतं.

नसरापूरहून वेल्ह्याकडे येणारा आमचा रस्ता एरवी मोकळा असतो. सुगीत मात्र प्रत्येक खाचरात माणसं. ओळीनं ओणवी होऊन कापत असतात. शेजारून मोटारसायकल गेली, टेम्पो गेला, एसटी गेली, तरी कुणी मान वर करत नाही. पण ज्या वर्षी मी सायकलवरून शाळेत जायला लागले त्या वर्षी मी खाचराशी आले की एक बाई सरळ व्हायची. मग तिच्या शेजारची. मग पलीकडची. एका हातात विळा, दुसरा कमरेवर. मी पुढे जाईपर्यंत सगळी ओळ उभी. पुढच्या खाचरात पुन्हा तेच. घरापासून शाळेपर्यंत माणसं माझ्यासाठी अशी उठून उभी राहत गेली. एखाद्या मंत्र्यासाठीही राहिली नसती.

मी हायवेजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. माहेर कामथडीचं, सासर या आतल्या रस्त्यावरचं. नवरा शिरवळला कंपनीत. कंपनीची बस त्यांना सकाळी फाट्यावरून घेते, संध्याकाळी फाट्यावर सोडते. एकच मुलगी, अश्विनी. त्या वर्षी तिचं कॉलेज संपलं होतं, ती घरी बसून परीक्षांचा अभ्यास करत होती आणि आम्ही तिच्यासाठी स्थळं बघायला लागलो होतो.

माझ्याकडे स्कूटी होती. बरीच वर्षं चालवली. मग त्या पावसाळ्यात एका वळणावर बारीक खडीवरून ती सरकली आणि मी आडवी झाले. लागलं काहीच नाही, कोपर खरचटलं. पण मागून ट्रक येत होता. त्यानं ब्रेक लावला तो आवाज, आणि रस्त्यावर पडल्या पडल्या मला दिसलेलं त्याचं पुढचं चाक, एवढं माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी मी स्कूटीवर बसले, हात मुठीवर ठेवला आणि तळवा घामानं निसटायला लागला. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. मी स्कूटीवर ताडपत्री टाकली आणि सगळ्यांना सांगितलं, बॅटरी गेली.

एका रविवारी यांनी ताडपत्री काढून बटण दाबलं. स्कूटी पहिल्याच दाबाला सुरू झाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. यांनी ती बंद केली, ताडपत्री पुन्हा नीट खोचली आणि आत येऊन म्हणाले, "बॅटरीच गेलीय. मिळत नाहीत हल्ली चांगल्या." त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

पण शाळा तर गाठायची असते. वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी, जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि सकाळच्या वेळी ती वरच्या गावांतूनच भरून येते. मी रस्त्याच्या कडेला मोबाईल कानाला लावून उभी राहायची. मोबाईलवर कुणी नसायचं. नुसतं बोलत असल्यासारखं करायचं, म्हणजे आपण कुणाची वाट बघतोय असं दिसत नाही, आणि ओळखीचं कुणी आपणहून थांबलं तर, "अरे, बरं झालं," म्हणून बसता येतं. हात करायची मला लाज वाटायची. वर्गात मुलांना स्वावलंबनावर निबंध द्यायचा आणि रस्त्यावर असं खोटं खोटं बोलत उभं राहायचं.

एकदा माझा एक जुना विद्यार्थी थांबला. मागे त्याची बायको, तिच्या मांडीवर तान्हं बाळ. त्यानं मला पाहिलं, गाडी स्टँडवर लावली आणि बायकोला म्हणाला, "उतर गं. बाईंना सोडून येतो, तवर हितं झाडाखाली थांब." आणि ती उतरायलाही लागली. दुपट्यातलं बाळ सांभाळत, एक पाय खाली टेकवत, चेहऱ्यावर जराही नाराजी नाही. मी इतकी गडबडले की, "नको, नको, मला चालायचंच आहे," असं म्हणत चक्क उलट्या दिशेला चालायला लागले. तो मागून हाका मारत होता, "बाई, शाळा तिकडं न्हाई!"

त्या दिवशी घरी आल्यावर मी मोबाईलवर सायकली बघायला बसले.

सायकल मला येत होती. कामथडीला असताना भावाची चालवायची, नळीखालून पाय घालून. पण आता घ्यायची म्हणजे कशी, कुठली, काही कळेना. मोबाईलवर हेल्मेट घातलेली तरुण माणसं सांगत होती की शहरात रोज वापरायची सायकल निराळी आणि डोंगरात पळवायची निराळी. दिखाऊपणाला भुलू नका, रोजच्या कामाला काय लागतं ते आधी ठरवा. मी कणीक मळता मळता ऐकायची आणि मनात ठरवायची. साडी नेसून चढता-उतरता आलं पाहिजे, म्हणजे मधला दांडा नको. साखळीवर झाकण पाहिजे, नाहीतर निऱ्या गेल्याच. चिखलाला मडगार्ड. वह्यांच्या गठ्ठ्याला मागे कॅरिअर, डब्याला पुढे टोपली. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, कारण मी भित्री आहे. हे शेवटचं मी मनातही हळू म्हणायची.

भोरला दुकानं आहेत. पण भोरला गेले असते तर निम्मं भोर ओळखीचं. म्हणून मी पुण्याला गेले. मोठं काचेचं दुकान होतं. आत विक्रीला उभा असलेला तरुण हसून म्हणाला, "या मॅडम. मुलाचं वय काय?"

"भाचीसाठी बघतेय," मी म्हणाले. तयारी केलेली नव्हती, पण तोंडातून आलं.

त्यानं जाड टायरांची, पुढे-मागे स्प्रिंगा असलेली, काळी-केशरी सायकल काढली. मी विचारलं, "मडगार्ड?" तो म्हणाला, वेगळं बसवावं लागतं. "कॅरिअर?" तेही वेगळं. "आणि चेनचं झाकण?" तो जरा थांबला. "भाची काय करते मॅडम?"

"नोकरी करते."

"मग गिअरची न्या. चढाला बरं पडतं."

गिअरवर माझं मन खरंच अडखळलं. आमच्या रस्त्याला एक चढ आहे, तो डोळ्यांपुढे आला. पण गिअर बिघडला तर तो पुन्हा पुण्याला आणावा लागणार. आमच्याकडे हायवेला पंक्चर काढणारे आहेत, ते साध्या सायकलीचं काहीही करून देतात. गिअर पाहिला की हात झटकतात. मी ठरवलं, चढ उतरून चढू. बायकांच्या म्हणून ज्या सायकली होत्या त्या सगळ्या गुलाबी, दांडीवर फुलं काढलेल्या. अगदी मागे, भिंतीला टेकून, एक गडद हिरवी उभी होती. धूळ बसलेली. तिला सगळं होतं. झाकण, मडगार्ड, कॅरिअर, दोन पायांचं स्टँड, मोठी गोल घंटी. गिअर नव्हता. तिची किंमतही मला परवडणारी होती.

"भाचीला आवडेल का ही? पोरींना आता असली चालत नाही."

"चालेल. साधी आहे ती."

"उंची किती आहे तिची?"

"माझ्याएवढीच."

"मग तुम्हीच बसून बघा की मॅडम."

दुकानामागच्या गल्लीत मी बसले. पदर खोचला, पेडलवर पाय ठेवला, सायकल डगमगली आणि मग सरळ झाली. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि वळून आले. तेवढ्या अंतरात वारा लागला आणि मी हसत होते हे मला त्या तरुणाच्या चेहऱ्यावरून कळलं. तो आता काही विचारत नव्हता. त्यानं गुपचूप सीट माझ्या मापाची करून दिली. भाचीचं नाव त्यानंतर त्यानं काढलं नाही, मीही नाही.

आमच्या गावचा दत्ता टेम्पोतून मार्केटला भाजी नेतो आणि रिकामा परत येतो. त्याच्या टेम्पोत सायकल चढवली. "कुणाची ओ बाई?" म्हणाला. मी म्हणाले, अश्विनीची. घर आल्यावर त्यानं रस्त्यावरूनच आरोळी दिली, "आश्विने, तुजी सायकल आली गं!" अश्विनी ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. तिनं सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. "हो दत्तामामा," ती म्हणाली, "कधीची वाट बघत होते."

हे आल्यावर सायकलभोवती एक चक्कर मारून आले. "चांगली आहे," म्हणाले. मग शर्टाची बटणं काढता काढता म्हणाले, "पण आता? अश्विनीचं बघतोय आपण. जरा तिचं जमेपर्यंत थांबली असतीस."

"शाळा थांबते का?"

"तसं नाही गं. लोकांना वाटेल, यानं बायकोची गाडी विकली."

आणि लोकांना तसंच वाटलं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या रखमाकाकूंनी कुंपणापाशी मला गाठलं. आवाज बारीक करून, अगदी काळजीनं विचारलं, "मास्तरीणबाय, दादांची कंपनी बंद पडली का काय? आमाला सांगा, परकं समजू नगा." शाळेत सहकारी म्हणाल्या, "पर्यावरण का?" आणि हसल्या. शाळेच्या आवारात शिक्षकांच्या गाड्यांची रांग असते. तिथे लावू की मुलांच्या सायकलींत लावू हे मला पहिले कित्येक दिवस कळलं नाही. मुलांच्यात लावली. तिथेही ती वयस्कर दिसायची.

सगळ्यात वाईट तो चढ. तिथे उतरून ढकलायची. सायकलवर बसलेल्या बाईकडे लोक बघतात ते नवल म्हणून. ढकलणाऱ्या बाईकडे बघतात ते कीव करून. खाचरातून कुणीतरी ओरडायचं, "बाई, पोराला पाठवू का ढकलाया?" मी हसून नको म्हणायची आणि पदरानं घाम पुसायची.

रविवारी याच रस्त्यानं पुण्याचे सायकलवाले जातात. हेल्मेट, काळे चष्मे, अंगासरशी कपडे, बोटावर उचलता येतील अशा सायकली. राजगड-तोरण्याच्या बाजूला जाऊन येतात. त्यांनाही लोक बघतात, पण कौतुकानं. आमच्या गावातली माणसं त्यांना पाणी देतात, कुठून आलात विचारतात, मुलं त्यांच्याबरोबर फोटो काढतात. एकदा मी बाजारातून येत होते, पुढच्या टोपलीत मेथी, मागे कॅरिअरला गव्हाच्या पिठाची पिशवी, आणि त्यांचा घोळका मला ओलांडून गेला. जाता जाता प्रत्येकानं अंगठा वर केला. मी मान खाली घातली. तोच रस्ता, तीच दोन चाकं. पण ते हौसेनं दमतात आणि मी गरजेनं दमते, हे लांबूनही दिसतं. मला गरज दिसण्याची लाज वाटत होती. गरज काही मोठी नव्हतीच. वेळेवर शाळेत पोचायचं, एवढीच.

आणि त्याच सुगीत सारोळ्याचं स्थळ आलं.

मुलगा चांगला शिकलेला, पुण्यात नोकरी, सारोळ्याला हायवेला वडिलांचं दुकान, नदीकडेला शेती. शनिवारी दुपारनंतर येणार होते. सकाळची शाळा करून मी घरी आले, सगळं आवरलं, आणि लक्षात आलं की नारळ नाही. हे अजून कंपनीतून यायचे होते. मी म्हणाले, पटकन नसरापूरला जाऊन येते. सायकल काढली. नारळ घेतला, हार घेतला, पेढे घेतले. परतताना चढावर ढकलत होते तर मागून पांढरी गाडी येऊन शेजारी थांबली. काच खाली झाली. पुढे बसलेले टोपीवाले गृहस्थ म्हणाले, "बाई, हितं मराठीच्या मॅडम ऱ्हातात, त्यांचं घर कुठं?"

मागच्या सीटवर एक बाई होत्या, नव्या साडीतल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. टोपलीतल्या नारळाकडे, हाराच्या पुडीकडे, आणि पुन्हा माझ्याकडे.

तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं की मीच ती. मला ते जमलं नाही. पदर डोक्यावर ओढून मी म्हणाले, "पुढं वळणावर. निळं फाटक." गाडी गेली.

त्यानंतर मी जे केलं ते आठवलं की आजही एकटीच असताना माझ्या तोंडून "शी!" निघतं. मी सायकल रस्त्यावरून खाली घेतली आणि बांधाबांधानं पळत सुटले. कापलेल्या भाताचे खुंट पायाला टोचत होते, टोपलीत नारळ उड्या मारत होता. रखमाकाकूंच्या मागच्या बाजूनं त्यांच्या गोठ्यात सायकल घातली, कुंपणातून आमच्या परसात शिरले आणि मागच्या दारानं आत. तोंडावर पाणी मारलं, साडी बदलली, पाण्याचे पेले घेऊन बाहेर गेले. हे पोचलेले होते, पाहुण्यांशी पावसावर बोलत होते.

मी पेला पुढे केला तशा त्या बाई उठल्या. माझ्या केसांत हात घातला आणि भाताचं एक लांब पान काढलं. ते मुठीत ठेवून खाली बसल्या.

टोपीवाले गृहस्थ म्हणत होते, "रस्ता चुकलोच असतो. चढाला एक बाई सायकल ढकलत चालल्या होत्या, त्यांनी सांगितलं बरोबर. बिचाऱ्या एवढ्या उन्हात."

बाई खोकल्या. आणि तेवढ्यात मागच्या दारातून रखमाकाकू थेट बैठकीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. "मास्तरीणबाय, सायकल गोठ्यात का लावली? म्हस बुजतीया तिला, दावं तोडायला निगाली. आदी काढा बरं ती!"

बाहेरून झोडणीचा आवाज येत होता, फळीवर पेंढ्या आपटल्याचा, धप्प, धप्प.

"हिला व्यायामाला सांगितलंय," हे म्हणाले. "डॉक्टरांनी. म्हणून घेतली. नाहीतर गाडी आहे की घरात."

"अरे वा!" मुलगा पहिल्यांदा खुलला. "कुठली घेतली? गिअरची ना? मी पण पुण्यात रविवारी ग्रुपबरोबर जातो."

मी मान डोलावणार होते. मला आठवतंय, हनुवटी खाली यायलाही लागली होती. तेवढ्यात अश्विनी बोलली. ती दाराशी पोह्यांचं ताट घेऊन उभी होती.

"व्यायाम नाही. आई रोज शाळेत जाते सायकलवरून. साधी आहे, गिअर नाही. आईला स्कूटीची भीती वाटते. पडली होती ती पावसाळ्यात."

मला वाटत होतं, ते फक्त यांना माहीत आहे. माझे कान असे पेटले की मला तिचं पुढचं काही ऐकू आलं नाही. भीती वाटते. पंचेचाळिशीच्या बाईला, वर्गात पोरं जिच्यासमोर चिडीचूप बसतात तिला, भीती वाटते. आणि ती मागच्या दारानं आली. हे सगळं त्या खोलीत सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं. मी जमिनीकडे बघत राहिले. यांची चप्पल घाईत उलटी पडली होती, ती पायानं सरळ केली.

मग त्या बाईंचा आवाज आला. "म्या तर गाडीवर मागं बसले तरी डोळं मिटून घेते. आज मोटारीत बी मिटलेलं. चढाला तेवढं उघडलं." आणि त्या माझ्याकडे बघून हसल्या. बाकीचेही हसले, थोडे उशिरा. टोपीवाले हसले नाहीत. त्यांनी चहा अर्धा ठेवला.

चार-पाच दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. खरंच जुळत नसेल. मी आजही स्वतःला तसं सांगते. पण गावात दोन दिवसांत झालं की मास्तरीणबाईंच्या सायकलीपायी पोरीचं स्थळ गेलं. यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं. रात्री जेवताना आम्ही तिघं ताटाकडे बघून जेवायचो. मी अश्विनीला विचारलं, "तुला आवडला होता का तो?" ती म्हणाली, "बरा होता." या "बरा होता"चं काय करायचं ते मला समजलं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. की होतं आणि तिनं मला दिसू दिलं नाही?

मी सायकल बंद केली. पुन्हा रस्त्याच्या कडेला मोबाईल कानाला लावून उभी राहायला लागले.

आणि एका सकाळी मी अशी उभी असताना नसरापूरच्या बाजूनं हिरवी सायकल येताना दिसली. अश्विनी. केस बांधलेले, ओढणी कमरेला, पुढच्या टोपलीत दुधाची पिशवी आणि पेपर. सूर्य तिच्या मागे होता. दोन्हीकडच्या खाचरांतल्या बायका उठून उभ्या राहत होत्या, एकेक करून, जशा माझ्यासाठी राहायच्या तशाच. जिचं स्थळ गेलं ती पोरगी तीच सायकल घेऊन गावभर फिरतेय, हे बघायला आता तर पुरुषही उभे राहिले. ती कुणाकडे बघत नव्हती असं नाही. बघत होती. "काय मावशी, झालं का कापून?" असं विचारत होती. "झालं की, ह्येवडं एक खाचर ऱ्हायलं," असं उत्तरही येत होतं.

माझ्याजवळ येऊन तिनं पाय टेकवला. धाप लागली होती. "फोन कुणाचा?" म्हणाली.

मी मोबाईल कानावरून काढला. मला रडू येत होतं आणि रस्त्यावर रडण्याचीही लाज वाटत होती. "उतर," मी म्हणाले. "शाळेला उशीर होतोय."

ती उतरली, दुधाची पिशवी आणि पेपर घेतला आणि चालत घरी गेली. पुढल्या वर्षी तिचं लग्न जमलं, वाईकडच्या माणसांत. ते बघायला आले तेव्हा सायकल ओट्यासमोर उभी होती. त्यांनी तिच्याबद्दल काही विचारलं नाही, आम्हीही काही सांगितलं नाही. परसात ठेवावी असं माझ्या मनात एकदा येऊन गेलं, ते लपवत नाही.

आता बायका उभ्या राहत नाहीत. कुणी ओणव्या ओणव्याच विचारतं, "बाई, किती वाजलं?" यंदा खाचरांत कापणी यंत्रंही दिसतात, आणि यंत्रावरच्या माणसाला आजूबाजूला बघायला फुरसत नसते. लाज गेली का, असं मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. चढावर अजून ती येते, माझ्या शेजारून चालते. नवखं कुणी गाडीतून बघत गेलं की पाठ आपोआप ताठ होते. मी स्कूटी पुन्हा कधी चालवली नाही. तिची भीतीही तशीच आहे. कुणी विचारलं तर आता सांगते. सांगताना आवाज खाली जातो, पण सांगते.

त्या सुगीतलं शेवटचं सांगायचं राहिलं. कापणी उरकत आली होती. खाचरं मोकळी झाली होती, पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहिल्या होत्या आणि वरच्या वाड्यांतले धनगर मेंढ्या घेऊन खाली उतरले होते. शाळेत सभा होती म्हणून मला संध्याकाळ झाली. फाट्यावर आले तर हे उभे. कंपनीची बस त्यांना सोडून गेली होती, वडापच्या जिपा सगळ्या कापणीच्या माणसांना पोचवायला गेलेल्या. मला बघून त्यांनी घड्याळात पाहिलं.

आम्ही चालायला लागलो. मधे सायकल, दोन बाजूंना दोघं. ते दिवसभर उभं राहून आले होते. थोडं अंतर गेल्यावर त्यांचा पाय ओढायला लागला. मी म्हणाले, "बसा मागं."

"वेडी का काय."

"कुणी नाही रस्त्यावर."

त्यांनी पुढे बघितलं, मागे बघितलं आणि बसले. सायकल डगमगली. त्यांचं वजन मी पहिल्यांदाच असं पेलत होते. सपाटीला लागल्यावर बरं चाललं. समोर दिवा दिसला की ते उडी मारून उतरायचे आणि सायकलशेजारून चालायला लागायचे, आम्ही दोघं सहज फिरायला निघाल्यासारखे. मोटारसायकल गेली की पुन्हा बसायचे. असं बऱ्याचदा झालं. मला हसू येत होतं, पण हसले असते तर ते पुन्हा बसले नसते.

धनगरांच्या वाघरांपाशी, मेंढ्या कोंडायच्या जाळ्यांपाशी, वळणावर समोरून पुन्हा दिवा आला. मी वेग कमी केला. "उतरा," म्हणाले, "येतंय कुणीतरी."

ते उतरले नाहीत. मोटारसायकल जवळ आली, हळू झाली. गावातलाच एक जण होता. त्यानं उजेड आमच्यावर धरून नीट बघून घेतलं आणि पुढे गेला. उद्या तो सगळ्यांना सांगणार हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. यांनी फक्त मान खाली घातली. त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं आणि तिथेच राहिलं. चढ आला, तरी या वेळी मी उतरले नाही. जोर लावून पेडल मारत राहिले.